रॉकेटला घातलेला हार

रॉकेटचा नकाशा फुकट आला होता. एका विज्ञान मासिकाला पोस्टकार्ड टाकलं की ते घडी घातलेला कागद घरपोच पाठवत. नळीसाठी सरांच्या जुन्या उत्तरपत्रिका आणि घरची खळ लागली. रॉकेट जिच्यावरून सरकत सरळ वर सुटतं ती उभी सळई माझ्या दुकानातल्या अडगळीतून निघाली. दारू आतषबाजीवाल्या रशीदभाईंनी लग्नातली उरलेली दिली आणि वर चहाही पाजला. असं ते रॉकेट जवळजवळ फुकटात झालं. त्यात वानखेडे सरांची ठरलेली मुख्याध्यापकाची खुर्ची गेली, ती मात्र या हिशेबात कोणी धरत नाही.

सरांना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून हा ग्रंथ निघतो आहे. गौरव समितीने मला कळवलं, "रॉकेटचा तो किस्सा जरा हलकाफुलका करून द्या." देतो. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा भाषा सांभाळून घ्यावी.

सरांची पहिली ओळख नरसाळ्यावरून झाली. मेहकरला बसस्टँडच्या वाटेवर माझं टिनाचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक ऐरण, एक कात्री आणि वर पोत्याचं छप्पर. सर रॉकेल ओतायला नरसाळं घ्यायला आले. मी अंदाजाने पत्रा कापायचो, आणि जेवढा वापरायचो तेवढाच कातरणात जायचा. सर पाहत उभे राहिले.

"तुळशीराम, किती फेकतोस रे?"

"गोल वस्तू हाय सर. कातरण तं निघनच."

सरांनी खिशातला खडू काढला, सुतळीला बांधला आणि पत्र्यावर एक कंस ओढला. "आता काप." मी कापलं, वळवलं, तर कडेला कड येऊन बसली. कातरण मुठीत मावलं. बादली म्हणजे तरी काय, टोक कापलेलं नरसाळंच. त्या एका कंसावर आज माझा बादल्यांचा कारखाना उभा आहे. सरांनी मात्र त्या दिवशी नरसाळ्याचे पूर्ण पैसे दिले, एक पैसा कमी केला नाही.

कारखान्याला आणखी एक गोष्ट कामी आली: माझे कान. हातोडा चालू असतानाही चार दुकानांपलीकडची कुजबुज मला ऐकू येते. कोण जागा विकतो आहे, कुठे पत्र्याचं काम निघणार आहे, हे मला गावाच्या आधी कळायचं. माझ्या कानांना मेहकर भितं, असं मी आजवर चारचौघांत छाती पुढे काढून सांगत आलो.

सरांच्या तत्त्वांबद्दल एकच सांगतो. संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष अण्णासाहेब यांच्या पुतण्याला सरांनी विज्ञानात नापास केलं. मग त्याच पोराला उन्हाळाभर आपल्या ओसरीवर बसवून शिकवलं, फी न घेता. पोरगा पास झाला. अण्णासाहेबांच्या लक्षात राहिलं ते नापास करणं.

महाराष्ट्र राज्य होऊन चारपाच वर्षं झाली असतील. जुने मुख्याध्यापक उन्हाळ्यात निवृत्त होणार होते आणि सेवाज्येष्ठतेने खुर्ची सरांची, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. अशात एका रविवारी सकाळी शाळेमागच्या पडीत वावरात सर, रशीदभाई आणि मी, असे तिघंच जमलो. वात पेटवली. सुर्र करून रॉकेट कडुनिंबाच्या शेंड्यावर गेलं, वर सरांच्या रुमालाची छत्री उघडली आणि ते डुलत डुलत शेजारच्या कपाशीच्या पऱ्हाटीत उतरलं.

रशीदभाई म्हणाले, "सर, मेरी दारू उमरभर में इतनी सीधी कभी नहीं गई!"

सरांनी आधी वहीत उंची लिहिली आणि मग लहान मुलासारखे हसले. ते उड्डाण आम्हा तिघांखेरीज कोणी पाहिलं नाही. या ग्रंथात ज्याचा गौरव आहे ते हेच.

गावाने पाहिलं ते दुसरं. बातमी अण्णासाहेबांकडे गेली आणि स्नेहसंमेलनात जिल्ह्याच्या पाहुण्यांसमोर रॉकेट उडवायचं ठरलं. नारळ फुटला. कुंकू लागलं. मग पाहुण्यांनी आपल्या गळ्यातला झेंडूचा जाडजूड हार काढून रॉकेटला घातला. टाळ्या पडल्या. सर पुढे झाले आणि त्यांनी हार हळूच काढला.

"अण्णासाहेब, हार सळईत अडकेल. रॉकेट आडवं जाईल."

अण्णासाहेब दातांतल्या दातांत बोलले, "देवाले हार चालते, मोटारीले चालते, तुमच्या कागदाच्या नळीलेच काऊन चालत नाई? पाहुण्याचा हार काढता व्हय? राहू द्या तिथंच."

हार त्यांनी स्वतःच्या हाताने परत घातला. सर म्हणाले, "मग मी पेटवणार नाही." अण्णासाहेबांनी उदबत्ती पाहुण्यांच्या हातात दिली.

रॉकेट हातभर चढलं, हारात गुंतलं, सळईसकट कललं आणि सरळ मंडपात घुसलं. कनात पेटली. पाहुणे खुर्चीसकट उलटे झाले. पेटलेलं कापड ओढताना रशीदभाईंचा उजवा हात भाजला. पुढे महिनाभर सर रोज संध्याकाळी त्यांच्या घरी मलम घेऊन जात.

चौकशी बसली. सरांनी एवढंच लिहून दिलं, "व्यवस्था माझी होती." रशीदभाई आपणहून खरं सांगायला गेले, त्यांना दुपारभर बाकावर बसवून परत पाठवलं. सळईजवळ उभा असलेला आणखी एकच माणूस उरला होता, तो मी. सरांच्या सेवापुस्तकात 'निष्काळजी' असा शेरा पडला, खुर्ची त्यांच्याहून धाकट्याला मिळाली. त्याच्या हाताखाली सर निवृत्तीपर्यंत राबले, आणि घंटेच्या आधी पाच मिनिटं हजर असत.

त्याच वर्षी शाळेच्या नव्या खोल्यांवर टिन टाकायचं काम अण्णासाहेबांनी मला दिलं. सर खाली उभे राहून बघत होते. म्हणाले, "तुळशीराम, उतार बरोबर ठेवलास. पाणी थांबणार नाही." चौकशीबद्दल काही बोलले नाहीत. तेव्हापासून आजवर नाहीत.

अण्णासाहेब आता हयात नाहीत, म्हणजे हे लिहिण्यात माझं काही शौर्य नाही. समितीला विनंती एवढीच, की सत्काराच्या दिवशी हार घालण्याआधी सरांना एकदा विचारावं. सरांचे गुडघे आणि नजर शंभरीपर्यंत शाबूत राहोत, खिशातला खडू कधी न सरो, आणि त्यांच्या ओसरीवर कोणी ना कोणी शिकायला बसलेलं असो.

चौकशीचा कागद संस्थेच्या कपाटात अजून आहे. त्यात माझा जबाब दोन ओळींचा आहे: पत्रा ठोकून ठोकून माझे कान अधू झाले आहेत. अध्यक्ष काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.