दोन मनोहर, एक पानठेला

मी पैलवान नाही. कधीच नव्हतो. (सांगावं लागतं!)

आता मोबाइलमध्ये कोणाचंही नाव टाका, चौकट उघडते: हा कोण, कुठला, काय करतो. नातू सांगतो, ते यंत्र थोडं ज्ञानकोशातून उचलतं, थोडं इकडच्या-तिकडच्या पानांवरून, आणि सगळं एकत्र जोडतं. नावं सारखी असली की कधी एकाची माहिती दुसऱ्याला चिकटते. मी म्हटलं, "बाबू, हे तर आमच्या महाल वस्तीत सत्तर सालच्या सुमारासच होतं. त्याले शिवलालचा पानठेला म्हणत!"

आमच्या गल्लीत मनोहर दोन. एक मी, सरकारी कचेरीतला कारकून, उडून जाईन म्हणून पावसातही छत्री उघडायला घाबरणारा. दुसरा समोरचा, आखाड्यातला पैलवान. माझं लग्न काही केल्या जमत नव्हतं. पाहुणे यायचे, मला बघायचे, पोहे खायचे आणि जायचे. आईनं देव पाण्यात ठेवले होते. अशात उमरेडहून एका मुलीचे वडील आले. हातमागावर लुगडी विणणारा माणूस, दंड हे असे! रीतीप्रमाणे त्यांनी आधी ठेल्यावर चौकशी केली.

"मनोहर?" शिवलाल पानाला कात लावता लावता म्हणाला, "हिरा आहे जी! सरकारी नौकरी, आन् आखाड्यात उतरला का समोरच्याले चित करते!"

दोन मनोहर एकाच पानात बांधले गेले!

पाहुणे घरात आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. मी आत शर्ट घालत होतो.

"मुलगा पैलवान आहे म्हणते?"

आईला वाटलं, खूश झाले! "तर काय जी! एका बैठकीत वीस पोळ्या खाते!"

चेहरा आणखी पडला. आईला वाटलं, आकडा कमी झाला. "पंचवीसही खाते!"

तेवढ्यात मी बाहेर आलो. पाहुणे मला वरून खाली बघू लागले. आई घाईघाईनं म्हणाली, "दिसाले बारीक आहे, पण ताकद लय! मन्या, ते तांदळाचं पोतं उचलून दाखव बरं!"

आईपुढे काय बोलणार? उचललं. म्हणजे मी वर झालो, पोतं जागीच राहिलं. पुन्हा जोर लावला, तर पाय सटकला. मी खाली आणि पोतं माझ्यावर! पाहुण्यांनी धावत येऊन आधी पोतं बाजूला केलं, मग मला.

"काहून जी, हेच पैलवान?"

"पैलवान तो समोरचा मनोहर," मी कण्हलो. हेही स्थळ गेलं म्हणून डोळ्यांत पाणीच आलं. "मी नुसता कारकून आहे जी. दोन पोळ्यांत पोट भरते माझं."

पाहुणे हसत सुटले. "अरे देवा, मग आधी सांगाचं नाही का! मोठी पोरगी पैलवानाले देल्ली, दिवसभर पोळ्याच लाटून राहिली बिचारी. धाकटी म्हणते, बाबा, पैलवान असन तर मी विहिरीत उडी घेईन! ठेल्यावर आयकलं, म्हटलं, नकार देऊनच निघू."

लग्न झालं. शिवलालचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. त्यानं खरं सांगितलं असतं, तर हेही पोहे खाऊन गेले असते. पैलवानाच्या धास्तीनंतर दिसलो, म्हणून मी गोड वाटलो!

धाकटीच्या धास्तीचं खरं कारण मात्र लग्नानंतर कळलं. तिला पोळ्या लाटताच येत नव्हत्या! आमच्या घरी आजवर त्या मीच लाटतो, आणि रोज देवाचे आभार मानतो, की मी दोनच खातो.