तिसऱ्या बटणाकडे पाहणारा माणूस

या देशात मी दोन पायांवर उभा राहिलो तो आमच्या रिंकवरच्या, म्हणजे मी कामाला होतो त्या बर्फावर घसरायच्या मैदानावरच्या, म्हातारबांमुळे, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढचं ऐकून ते कोणाच्या मदतीला धावले असतील असं तुम्हाला वाटायचं नाही. त्यांच्याइतका संशयी माणूस देवाने दुसरा घडवला नसावा. घड्याळावर विश्वास नाही म्हणून दोन मनगटांवर दोन घड्याळं, आणि दोन्हींत फरक पडला की भिंतीवरच्या तिसऱ्यावर आळ. रेडिओने ऊन सांगितलं की हे छत्री घेणार. कॉफीच्या दुकानात भिंतीला पाठ लावूनच बसायचे, आणि वाढणारी बाई डावीकडून आली तर कप धरून उठून उभे राहायचे. डाव्या डोळ्याने त्यांना दिसत नव्हतं. तिथे कधीकाळी बर्फावरच्या हॉकीत चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती लागली होती.

पन्नास आणि साठच्या दशकांत ते या हॉकीत डिफेन्समन होते, म्हणजे स्वतःच्या गोलकडे उलटं घसरत जायचं आणि अंगावर येईल त्याला आडवं करायचं. अठरा वर्षं, सात गावं, शिल्लक दात नऊ. मोठ्या लीगमध्ये मात्र मोजून सहा सामने. "समोरच्याच्या डोळ्यांत बघू नकोस, किड," ते सांगत, "डोळे फसवतात. छाती बघ. छाती जाते तिकडेच माणूस जातो." हा नियम त्यांनी बर्फाबाहेरही चालवला. बोलताना कायम शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे नजर. आमचे दाजी, म्हणजे ज्यांच्या घरी मी इथे राहायचो ते ताईचे यजमान, एकदाच त्यांना भेटले आणि घरी येऊन आरशासमोर म्हणाले, "अगं, शर्टावर वरण सांडलंय का माझ्या?"

मी तर पहिल्या दिवसापासून संशयित. 'हो' म्हणताना आपण डोलवतो तशी मी मान डोलवायचो. त्यांना ती हुलकावणी वाटायची. त्यात घरी निघताना 'जातो' म्हणू नये, एवढं आईने शिकवलेलं. म्हणून पहिल्या दिवशी मी "आय कम" म्हणून निघालो, आणि हे तासभर दाराशी थांबले.

"येतो म्हणालास आणि गेलास!"

"आमच्याकडे जाणारा माणूस येतो म्हणतो," मी समजावलं.

"म्हणजे तुमचा अख्खा देशच हुलकावणी देतो!"

खरी हुलकावणी मी वेगळीच देत होतो. माझी शाळा आठवीत सुटलेली, हे रिंकवर कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढे मी चालवायचो त्या बर्फ गोठवायच्या यंत्रांवर काम करायला लेखी परीक्षा लागू झाली. नापास झालो असतो तर नोकरी गेली असती, आणि मग ताईकडे फुकटचं जेवायचं किंवा गावी परत. मी ते जाडं इंग्रजी पुस्तक रोज उघडून नुसती पानं उलटायचो. चौथ्या दिवशी म्हातारबा समोर येऊन बसले. "तू वाचत नाहीयेस. वाचणाऱ्याची छाती ओळ संपली की जरा खाली बसते. तुझी वरच अडकलीय."

मी सगळं सांगून टाकलं. आता हाकलणार, एवढंच डोक्यात.

"मी नववीत सोडली," ते माझ्या बटणाला म्हणाले. "खेळायला. मोठ्या लीगचा करार आला, तो वाचल्यासारखं केलं आणि सही ठोकली. वाटेल तेव्हा खालच्या संघात पाठवू, असं तळाला बारीक अक्षरांत होतं. सहा सामन्यांनी बसमध्ये बसवलं तेव्हा कळलं. नंतर बायकोने वाचायला शिकवलं. उशीर झाला होता."

पुढचे तीन महिने रोज दुपारी त्यांनी माझ्याकडून एकेक पान मोठ्याने वाचून घेतलं. दोनदा, कारण पहिल्या वाचनावर त्यांचा विश्वास नव्हता. मी पास झालो, तर निकालाचा कागद खिडकीशी उजेडात धरून खरा आहे का ते तपासलं, आणि माझ्या हातात देताना पाठ फिरवली.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा दुसरा डोळाही अधू झाला आणि मुलगी त्यांना उत्तरेला घेऊन गेली. निघताना म्हणाले, "आय कम, किड," आणि चक्क मान डोलवली. मी मात्र त्यांच्या छातीकडे बघत होतो. ती गाडीकडे वळलेली होती.

आता त्यांना अक्षर दिसत नाही, आणि मुलगी वाचून दाखवते त्यावर विश्वास नाही, असं तिचं पत्र आलंय. एक दिवस मी तिकडे जाणार आहे. त्यांच्या टपालातला एकेक कागद, तळाच्या बारीक अक्षरासकट, त्यांच्या उजव्या बाजूला बसून वाचून दाखवीन. दोनदा.