डायपरच्या गोडाऊनमधली दोन वादळं

गोडाऊनमधला माल रोज बाहेर जातो, किस्से मात्र आतच साठत राहतात. त्यांना गेटपास कोण देणार? पडघ्याजवळच्या आमच्या डायपरच्या गोडाऊनमध्ये या मे महिन्यात तर नवीन खेपच आली. अरबी समुद्रात एकाच वेळी दोन चक्रीवादळं उठली, आणि आमचे मुकादम बाळारामदादा यांच्या लेकीची, सोनलची, हळद उघड्या मैदानात होती! हळद म्हणजे आमच्याकडे लग्नापेक्षा मोठं काम. मांडव उभा, गाव बोलावलेलं. दादांचा सगळ्यांना एकच प्रश्न, "मांडव ठेवू का काढू?"

*

मॅनेजर सबनीस साहेबांनी मोबाइलवर वाचून सांगितलं, "दोन वादळं जवळ आली की एकमेकांभोवती फिरायला लागतात. कधी मोठं लहानाला गिळतं, कधी एखादं लांब फेकलं जातं."

"म्हंजे फुगडीच की!" दादा म्हणाले. "मंग हात सुटला तर कोन कुठं पडंल?"

साहेबांनी पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते वर आलं नाही.

*

फोर्कलिफ्टवाले शब्बीरभाई ठाम होते. "दो गाडी आमने-सामने आयी, तो एक को रिव्हर्स लेना ही पडता है. छोटावाला वापस जायेगा."

"कुठे जाईल?" मी विचारलं.

"जहाँ से आया."

"ते समुद्रातच जन्मलंय, भाई!"

शब्बीरभाईंनी जरा विचार केला. "फिर साईड में खडा रहेगा."

*

मी डिस्पॅचला. अर्धे भरलेले दोन ट्रक दिसले की सगळा माल एकात भरायचा, ही आमची सवय. त्याच हिशोबाने मी ठोकून दिलं, "दोन्ही एक होणार. डबल पाऊस!"

दादांनी त्याच दुपारी मांडव सोडवला. बिचाऱ्यांचा चेहरा बघवत नव्हता.

*

साहेबांना दया आली. त्यांनी गोडाऊनचा रिकामा डावा भाग हळदीला दिला. तिकडे शेलार गावात नवऱ्यामुलाचे वडीलही घाबरलेले. त्यांनी थेट गोडाऊनच्या मालकांना फोन केला, मालकांनी उजवा भाग दिला. आणि एकमेकांना कोणी सांगितलंच नाही! हळदीच्या सकाळी एकाच गेटवर दोन डीजे उतरले.

हळदीला नवरा-नवरीने एकमेकांना बघायचं नसतं. शब्बीरभाईंनी मधोमध खोक्यांची उंच भिंत रचली आणि म्हणाले, "डायपर है, कुछ लीक नहीं होगा!"

*

वादळांचं काय झालं? कोणी म्हणे एकाने दुसऱ्याला खाल्लं, कोणी म्हणे दोन्ही ओमानकडे गेली. बाहेर लख्ख ऊन होतं.

संध्याकाळी उष्टी हळद निघाली. नवऱ्याला लावून उरलेली हळद वाजतगाजत नवरीकडे न्यायची असते. न्यायची होती भिंतीपलीकडे, पण वाजतगाजत म्हणजे वाजतगाजत! नवऱ्याकडचे उजव्या शटरमधून निघाले आणि गोडाऊनला मागून वळसा घालून डावीकडे आले. तिथे कोणीच नाही, कारण नवरीकडचे त्यांना सामोरे जायला पुढच्या बाजूने उजवीकडे गेले होते. तिथेही कोणी नाही. मग हे त्यांच्या मागे, ते यांच्या मागे. दोन्ही डीजे जोरात, त्यामुळे कोणाचं कोणाला ऐकू येईना. गोडाऊनभोवती फेऱ्या सुरू!

आत उरलो खोक्यांजवळ मी, पाटावर एकटी सोनल आणि पलीकडच्या पाटावर एकटा नवरा.

पलीकडून आवाज आला, "कोन हाय का तिकडं?"

"मी हाय," सोनल म्हणाली. "तुमची मान्सं कुठं गेली?"

"तुमच्याकडं."

"आमची तुमच्याकडं गेल्यात."

मग भिंतीतला एक खोका हळूच मागे सरकला, आणि त्या भोकातून कोपरापर्यंत पिवळा झालेला एक हात अलीकडे आला.