कोपीचं बुटकं दार

माझ्या व्याह्याला माझ्याच रानात गुडघ्यावर आणायचं, हे म्या नातवाच्या वाढदिवसालाच ठरवलं होतं. लोक म्हणतात, म्हातारपणी माणसानं विसरायला शिकावं. मी दुसरीतनं शाळा सोडलेला माणूस. बाकीचं शिकायचं राहिलं, तसं हे पण राहिलं.

पोरगा धाराशिवला नोकरीला. सून, आठ वर्षांची नात आणि पाच वर्षांचा नातू तिथंच राहतात. आमी दोघं म्हातारा-म्हातारी तेर गावाच्या अलीकडं, शेतावर. दसरा झाल्यावर नातवाचा वाढदिवस आला. सून केक घरीच करते. कढईत मीठ तापवायचं, त्याच्यावर डबा ठेवायचा, वरनं झाकण आणि झाकणावर खलबत्ता, वाफ जाऊ नाही म्हणून. नात रंगीत कागदाच्या साखळ्या करून खिडक्यांना चिकटवत होती आणि तिच्या केसाला पण डिंक लागला होता. घर कसं लगीनघर झालं होतं.

म्या बी रिकाम्या हातानं गेलो न्हवतो. कडब्याच्या गंजीतनं चांगली सरळ, जाड धाटं निवडली होती. धाट म्हणजे जोंधळ्याचा दांडा, ज्याच्यावर कणीस धरतं. त्याचं वरचं सालपट काढलं की आत पांढरं, मऊ भेंड निघतं. सालपट आणि भेंड, आणि जोडायला बाभळीचे काटे. एवढ्यावर म्या बैलगाडी केली. साट्या, जू, फिरती चाकं, सगळं. माझ्या लहानपणी आमी हेच खेळलो. एस्टीत गर्दी होती म्हणून गाडी सगळ्या वाटंनं डोक्याच्या वर धरून नेली. हात भरून आला, पण काटा हलू दिला न्हाय.

गाडी टेबलावर ठेवली, तेवढ्यात व्याही आले. नगरकडं त्यांचं कापडाचं दुकान आहे. माणूस जाडजूड, आवाज त्याहून जाड. नातवाला बसून चालवायची बॅटरीवरची जीप आणली होती. टेबलावर माझी गाडी दिसली, तशी दोन बोटांनी उचलली आणि खोलीभर ऐकू जाईल असं बोलले, "पाव्हणं, ही चिपाडं कशाला आणलीत? इथं चूल नाही, गॅस आहे!"

सगळे हसले. शेजारचे हसले, सुनेच्या मैत्रिणी हसल्या. माझा पोरगा पण हसला.

चिपाड म्हणजे काय, हे त्यांनाही ठाऊक होतं. ऊस चघळून जे थुंकतो ते चिपाड. गुरं पण ज्याला तोंड लावत न्हाईत ते. माझ्या शेतातल्या धाटाला त्यांनी थुंकलेलं म्हणलं, आणि ते लेकरांदेखत म्हणलं. नातू जीपमध्ये बसून पॉ पॉ करत फिरत होता. नंतर कागदी ताटल्या गोळा केल्या, त्यांच्याबरोबर गाडी काळ्या पिशवीत गेली. ती जाताना म्या बघितली. केक मला लई आवडतो, सुनेच्या हाताला चव आहे. तरी शिवलो न्हाय आणि शेवटच्या एस्टीनं परत आलो.

घरी बायकोला म्हणलं, "त्या माणसानं काढलेला शब्द त्याच्याच तोंडानं परत घ्यायला लावीन. नातवासमोर."

"झोपा आता," ती म्हणली. "म्हणं शब्द परत घ्यायला लावीन. शब्द काय कापड हाय व्हय, दुकानात परत द्यायला?"

दिवाळीला मी धाराशिवला गेलो न्हाय. मी येळवशीची वाट बघत होतो.

येळवस म्हणजे आमच्याकडची येळा अमावस्या. मार्गशीर्ष संपताना येते. त्या दिवशी गावाला कुलूप आणि शिवार भरलेलं. ज्याच्या त्याच्या रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून, शेंडे बांधून कोप करायची. आत चुना-काव लावलेले पाच दगड, ते पांडव. त्यांची पूजा करायची, मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे खायचे, ताकातली आंबील प्यायची. आणि एक रीत अशी की कोपीत वाकून शिरल्याबिगर, पांडवांपुढं कपाळ टेकल्याबिगर कुणाला जेवायला मिळत न्हाय. पाव्हणा असो की मालक.

म्या स्वतः व्याह्याला फोन लावला. "येळवशीला या. लेकरं पण येणार हायती. तुमच्याकडं असलं काही नसतं, बघून जावा." गोड बोललो. इतका गोड की बायको पदर तोंडावर धरून माझ्याकडं बघत राहिली.

पोरं आदल्या दिवशीच आली. नात आणि नातू दोघं मला पेंढ्या आणून देत होते. अंगभर कडब्याची बारीक कूस, खाजवत होते, पण हटत न्हवते. नातीनं पांडवांना चुना लावला आणि एका पांडवाला मिशा काढल्या. "हा भीम," म्हणली. म्या कोप बांधत आणली आणि दार मुद्दाम खाली, लई खाली ठेवलं.

"आबा, दार एवढं बुटकं का?" नातीनं विचारलं.

"ज्याला वाकायचंय त्याच्या मापाचं हाय."

ती म्हणली, "पण मग तुम्ही कसे जाणार?"

ते माझ्या ध्यानातच आलं न्हवतं. पहिली पूजा मालकाची असते. येळवशीच्या सकाळी सगळ्यांदेखत म्या माझे दुखरे गुडघे काळ्या मातीत टेकले आणि रांगत आत गेलो. बायको बाहेरनं म्हणली, "दुसऱ्यासाठी खड्डा खणला, आता घ्या तुम्हीच!" हसू दे. माझं वाकणं पांडवांपुढं होतं. त्याची मला लाज न्हाय.

मग व्याही आले. पांढरी पॅन्ट, पांढरा शर्ट. कोपीकडं बघितलं आणि लांबूनच हात जोडले. "आपला भाव महत्त्वाचा," म्हणले.

"भाव बाजारात," म्या म्हणलो. "हितं कपाळ टेकावं लागतं. न्हायतर आंबील न्हाय."

तोवर दोन्ही लेकरं कोपीत जाऊन बसली होती. नातू आतनं ओरडला, "नाना, या की! आबांनी घर केलंय आमाला! आत लई मज्जा हाय!"

नातवापुढं कुणाचं चालतं? व्याह्यांनी पॅन्ट गुडघ्याजवळ वर ओढली आणि घुसले. डोकं गेलं, खांदे गेले, पोट अडकलं. आता पुढं जोर लावला तर कोप पांडवांवर आणि लेकरांवर पडणार, मागं यावं तर दारावरच्या दोरीत शर्ट गुंतलेला. बाहेर नुसता पांढऱ्या पॅन्टीचा मागचा भाग. शेजारच्या रानातली माणसं बांधावर येऊन बघायला लागली. वाढदिवसाला हसले होते त्यातले पण काही आले होते. आजही हसले. म्या मोजून हसलो न्हाय, मनसोक्त हसलो.

पोरगा सोडवायला धावला. म्या काठी आडवी धरली. "थांब. पाव्हण्यांना पांडवांशी बोलू दे." आणि खाली वाकून विचारलं, "पाव्हणं, डोक्याच्या वर काय दिसतंय?"

"काय दिसायचं? चिपा..." आणि थांबले. त्यांना त्याच क्षणी आठवलं. कापड मापणारा माणूस, येडा न्हाय.

"काय म्हणलात?"

आतनं नातीचा आवाज आला, "नाना, धाट म्हणा. न्हायतर आबा सोडणार न्हाईत."

मग आतनं हळूच, "धाट."

"आणि त्या दिवशी काय म्हणलात?"

"चुकलं माझं. आता दोरी सोडा."

"त्या दिवशी खोलीभर ऐकू गेलं होतं, पाव्हणं. आज मला कानात सांगताय. माझे कान म्हातारे झालेत."

सून उभी होती. तिचा बाप तिथं अडकलेला आणि सासरा दोरी सोडेना. तिनं बापाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मला तिचं वाईट वाटलं. दोरी तरी म्या सोडली न्हाय.

मग व्याही त्यांच्या त्या जाड आवाजात, कोपीतनं, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडले, "चिपाड न्हाय, धाट! माझं चुकलं!"

म्या दोरी सोडली.

बाहेर आले तेव्हा केसात कूस, गुडघ्याला माती. म्या स्वतःच्या हातानं आंबिलीचा तांब्या त्यांच्या पुढं केला. रीत म्हणजे रीत. त्यांनी एका दमात पिला आणि दुसरा मागितला. "फिटलं का आता?" त्यांनी विचारलं.

उत्तर लेकरांनी दिलं.

जेवणाआधी आंबील शिंपत सगळ्या रानाला फेरी मारायची असते. पुढचा माणूस कडुलिंबाच्या डहाळीनं शिंपत "ओलगे, ओलगे" अशी आरोळी देतो, मागची पोरं ती झेलतात. कानडी बोल आहेत, अर्थ मला पण ठाऊक न्हाय. नगरकडच्या आईची लेकरं, त्यांना तर मुळीच न्हाय. त्यांना वाटलं, नाना कोपीतनं जे ओरडले ती पण येळवशीचीच आरोळी. मी डहाळी घेऊन पुढं निघालो आणि "ओलगे" म्हणायला तोंड उघडतोय तोच मागनं नातू ओरडला, "चिपाड न्हाय!" आणि नात, "धाट!" मग दोघं मिळून, "नानांचं चुकलं!"

बांधापलीकडच्या रानातली पोरं तयारच होती. आरोळी ऐकली की झेलायची, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी झेलली. तिथनं पुढच्या रानात गेली. नदीकडच्या अंगाला कुणीतरी म्हातारी माणसं पण त्यात सामील झाली. सगळ्या शिवारात तेच.

व्याही कपाळाला हात लावून करडईच्या कडंला उभे होते. सून पळत माझ्याकडं आली. चेहरा लाल. रडत होती का हसत होती, मला कळलं न्हाय. "मामा," ती म्हणली, "आता बास करा. थांबवा त्यांना."

"पोरी," म्या म्हणलो, "येळवशीची फेरी मधीच सोडली तर रान रुसतं. सुरू झाली की पुरी करावी लागते."

आणि त्या दिवशी म्या फेरी नेहमीच्या वाटंनं न्हाय, लांबच्या बांधानं काढली.