आलीच नाही म्हणून सांगितलेली मेल

मी निवृत्त झालो तेव्हा कारखान्यात छोटा सत्कार झाला. एकजण भाषणात म्हणाला, यांच्या काळात कंपनीची मेल एक दिवसही बंद पडली नाही. टाळ्या वाजल्या. मी शाल-नारळ सांभाळत खाली बघत राहिलो. मेल बंद पडली नव्हती हे खरं आहे. पण एक मेल माझ्या हातून नाहीशी झाली होती, आणि ते कळल्यावरही मी गप्प बसलो. त्यापायी एका बहीण-भावाचं बोलणं तुटलं.

आमचा कारखाना चिकलठाण्याला, गाड्यांना लागणारे रबरी सील बनवणारा. कॉम्प्युटर विभाग म्हणजे मी एकटा. मूळचा मी स्टोअरमधला माणूस. वाचून, विचारून, चुकून शिकलो. मेलचा सर्व्हर मीच उभा केला होता आणि त्यावर कचरा मेल अडवणारी चाळणीही मीच बसवली होती. ही चाळणी म्हणजे जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणालाही मोकळेपणी वापरता येणारं सॉफ्टवेअर. मॅनेजरना बाहेरच्या कंपनीची सेवा विकत घ्यायची होती. मी अडून बसलो. ते म्हणाले, "फुकटचं आहे ना, मग फुकटच्यासारखंच वागेल एक दिवस." ते वाक्य मला फार लागलं होतं.

चाळणीची आवृत्ती जुनी झाली. तिला नवे नियम मिळेनात, लॉटरी आणि औषधांच्या मेल सरळ आत येऊ लागल्या. म्हणून दिवाळीची सुट्टी संपता संपता मी नवी आवृत्ती चढवली. इथं पहिली चूक झाली. जुनी चाळणी इतक्या वर्षांत जे शिकली होती, म्हणजे कोणते शब्द कचऱ्यात येतात आणि कोणते कामाच्या मेलमध्ये, ते आधी तिच्याकडूनच बाहेर काढून ठेवायला हवं होतं. मी आधी जुनी काढून टाकली. मागं राहिलेली फाईल नवीला वाचताच येईना. आता तिला पहिल्यापासून शिकवणं भाग होतं. तिच्यापुढं मेलचे दोन ढीग ठेवायचे आणि सांगायचं, हा चांगला, हा वाईट. त्यावरून ती पुढचं ओळखते.

आमच्या कारखान्यात दिवाळीला एक रीत होती. गेटवरच्या वॉचमनपासून डिस्पॅचपर्यंत ज्याच्या हाती मोबाइल, तो सगळ्या कंपनीला शुभेच्छांची मेल धाडायचा. पणत्यांची चित्रं, सोनेरी अक्षरं, 'आपणास व आपल्या परिवारास'. एकाची आली की दुसरा तीच पुढं ढकलायचा. सगळ्यांचे मेलचे डबे भरून जायचे आणि शिव्या मला बसायच्या. मला वाईट ढीग हवाच होता. मी त्या सगळ्या शुभेच्छा उचलल्या आणि त्यात टाकल्या. चांगला ढीग खरेदी आणि एक्स्पोर्ट विभागाच्या डब्यांतून घेतला. तो सगळा इंग्रजीत होता.

चाळणी जे दाखवलं तेच शिकली. मराठी अक्षरं दिसली की कचरा. त्यात मी आणखी एक करून ठेवलं होतं. अगदी खात्रीचा कचरा बाजूला साठवायचा नाही, परस्पर टाकून द्यायचा. साठवलेल्या कचऱ्याचा डबा बघायला मॅनेजर कटकट करायचे, म्हणून. पाठवणाऱ्यालाही काही कळायचं नाही.

प्रेस विभागाला एक फोरमन होता. माझ्याच वयाचा, राहायला पडेगावला, गाव गंगापूरच्या पुढं. बहिणीचा मुलगा त्यानंच कारखान्यात लावला होता, तो प्रेसवर ऑपरेटर होता. मॅनेजरांचा नियम असा की मशीनची तक्रार तोंडी चालणार नाही, मेल करायची. फोरमनला इंग्रजी लिहायचा कंटाळा. तो आपल्या मोबाइलवरून मराठीत लिहायचा आणि मला म्हणायचा, "मशीन मराठीत बिघडतं, मंग तक्रार इंग्रजीत कशाला?"

एका प्रेसचा सेन्सर बिघडला. हात आत असला तर प्रेस थांबवणारा तो सेन्सर. फोरमननं मशीन बंद केलं, पाटी अडकवली, मेल लिहिली की दुरुस्त होईपर्यंत हे चालू करू नका, आणि शिफ्ट संपली म्हणून घरी गेला. पाट्या तिथं नेहमीच लटकलेल्या असायच्या. मेल दिसली नाही आणि माल जायचा होता, म्हणून मॅनेजरनं पुढच्या शिफ्टला मशीन चालू करायला लावलं. त्या मशीनवर उभा केला तो भाचाच. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशीला मला बोलावलं. फोरमन मोबाइल पुढं धरून उभा होता.

"हे बघा साहेब, पाठवलेली दिसतीय की इथं."

"पाठवली म्हणजे पोचली असं नाही," मॅनेजर म्हणाले, आणि माझ्याकडं वळले. "आली होती का?"

मी त्यांचा डबा उघडून पाहिला. "नाही आली."

फोरमन माझ्याकडं बघून म्हणाला, "नीट बघा ना भाऊ. तुमचंच मशीन हाय ते."

"बघितलं. आलेली नाही."

तोवर मी खोटं बोललो नव्हतो. पण जागेवर येऊन बसलो आणि त्याचं ते 'तुमचंच मशीन' डोक्यातून जाईना. घरच्या खात्यावरून स्वतःला इंग्रजीत एक मेल पाठवली. ती आली. मग मराठीत दोन ओळी पाठवल्या. त्या आल्या नाहीत. पुन्हा पाठवल्या. मग काय झालं असेल ते माझ्या ध्यानात आलं.

चौकशीची खोली त्याच मजल्यावर होती. उठून जायचं आणि सांगायचं, एवढंच काम होतं. मी उठलो नाही. मॅनेजरांचं फुकटचं ते वाक्य मला ऐकू येत होतं. मी चांगल्या ढिगात मराठी मेल घातल्या, चाळणीला नव्यानं शिकवलं, टाकून देणं बंद केलं आणि जेवणाचा डबा घेऊन घरी गेलो, तसाच रोजच्यासारखा. सॉफ्टवेअरचा दोष नव्हता, हे इथं लिहून ठेवतो. ते प्रामाणिकपणे शिकलं होतं.

फोरमनवर निष्काळजीपणाचा ठपका आला. त्यानं राजीनामा दिला. गावात झालं ते याहून वाईट. बहिणीला वाटलं, भावानं मशीन बिघडलेलं माहीत असून सांगितलं नाही, आणि आता मेल पाठवल्याची थाप मारतोय. तिनं त्याला दारातून परत लावलं. हे मला प्रेसवरच्याच एकानं सांगितलं, मी ऐकून घेतलं.

यंदा कळलं की फोरमनची बायको वारली. मी पडेगावला गेलो. तो ओट्यावर बसला होता, दाढी वाढलेली. मी सगळं सांगितलं.

"मला कशाला सांगता?" शेवटी म्हणाला. "मी पाठवली व्हती, हे मला ठाऊकच हाय. माझ्या बहिणीला सांगा."

पाणीही विचारलं नाही त्यानं. बरोबरच होतं.

गंगापूरपर्यंत एसटीनं गेलो, पुढं जीपनं. भाचा घरीच होता, आता किराणा दुकान चालवतो. डाव्या हातानं वजन करत होता. मी बाहेर उभ्याउभ्याच सांगितलं. गिऱ्हाईक निघून गेलं तरी तो तागडी धरूनच होता.

"म्हंजे मामानं पाठवली व्हती?"

"हो."

"अन् तुम्हाला त्याच दिवशी कळलं व्हतं?"

"हो."

"मी माझ्या लग्नाला नाय बोलावलं त्याला, काका." मग आत बोट दाखवून म्हणाला, "आईला सांगा. जरा मोठ्यानं सांगा, तिला कमी ऐकू येतं."

आत ती शेंगा फोडत बसली होती. मी सांगायला लागलो. तिला ऐकू जाईना. "काय म्हणतेत हे?" असं ती मुलाला विचारायची आणि मी आवाज वाढवायचो. चाळणी, ढीग, मराठी, असं काहीबाही ओरडत होतो. शेजारची दोन माणसं दारात येऊन उभी राहिली. शेवटी मी सगळं सोडून एवढंच ओरडलो, "तुमच्या भावानं सांगितलं होतं! माझ्यामुळं पोचलं नाही! मला माहीत होतं, मी बोललो नाही!"

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"वहिनी गेली," ती म्हणाली. "मी मातीला नाय गेले. निरोप आला व्हता, तरी नाय गेले."

मग ती भिंतीला धरून उठली, दोरीवरचं लुगडं ओढलं आणि मुलाला म्हणाली, "दुकान बंद कर. पडेगावला जायचंय."

"मीही त्याच रस्त्यानं परत जातोय," मी म्हणालो. "बरोबर येतो."

तिनं माझ्याकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"तुमी नका येऊ," ती म्हणाली.

मी त्यांना आधीच्या जीपनं जाऊ दिलं.