आक्काच्या वाटची भाकर

फोन भाच्याचा होता, दौंडहून. "मावशी, आई गेली," एवढं बोलून तो थांबला आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, "रात्री नेहमीसारखी दूध-भाकरी जेवली होती गं..." आमच्या घरात आक्काच्या तब्येतीची चौकशी कायम अशीच व्हायची, ती काय जेवली इथून. तिच्या जाण्याची बातमीही त्याच वाटेनं आली. आता महिना होत आला. माणसं भेटून गेली, सांत्वनाची प्रार्थना झाली. मी मात्र अजून दुपारची आवराआवर झाली की फोनजवळची खुर्ची सोडत नाही; आक्काचा फोन त्याच वेळी यायचा.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण एस्तेर. आम्ही शिरूरच्या. वडील मिशनच्या शाळेत मास्तर, शाळेच्या आवारातच दोन खोल्यांचं घर. पन्नासच्या दशकातली गोष्ट. आठवडाभर ज्वारी-बाजरीची भाकरी आणि रविवारी उपासनेहून आल्यावर पोळ्या, असं आमच्यासारख्या घरांतून चालायचं. रविवार उलटला की आक्काचं पोट बिघडे. आई म्हणायची ऊन लागलं, शेजारणी म्हणायच्या दृष्ट लागली. माझ्याहून एवढी मोठी, पण माझे झंपर तिला बसायचे. पुढे ती पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात गेली. तिथल्या होस्टेलला दोन्ही वेळा पोळी. सुट्टीत घरी आली तेव्हा तिला उतरवून घ्यायला गेलेल्या वडिलांनी तिच्यामागच्या बायकांकडे पाहत तिलाच विचारलं, "आमची एस्तेर न्हाई का आली?" केस विरळ झालेले, पाय सुजलेले, डोळे खोल गेलेले.

पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात परदेशी शिकून आलेले एक डॉक्टर होते. त्यांनी बरेच दिवस ठेवून घेतलं आणि शेवटी सांगितलं, "हिला गहू सोसत नाही. पोळी, पाव, रवा, मैदा, शेवया, बिस्किट... सगळं बंद. कणभरसुद्धा नको, आणि हे जन्मभर." आजाराचं इंग्रजी नाव त्यांनी सांगितलं होतं, पण आम्ही आपले 'गव्हाचा आजार' म्हणत राहिलो. सीलिॲक हा शब्द फार पुढे नातवंडांनी शिकवला. आईला तर हायसंच वाटलं. "एवढंच व्हय? भाकरीवर सारा गाव जगतोय," ती म्हणाली. गिरणीत गव्हावर दळलेलं पीठ नको म्हणून तिनं माळ्यावरचं जातं खाली काढलं. दोन-तीन महिन्यांत आक्काच्या गालांवर रंग आला. तिला पहिल्यांदा पोटभर जेवताना पाहून आई पदरानं डोळे पुसत होती, ते मला अजून दिसतं.

अवघड होतं ते घराबाहेर. भाकरी रोजची, गहू मानाचा. पाहुणा आला की पोळी, लग्नात पुरी, चहाबरोबर बशीत बिस्किट. आक्का "मला चालत नाही" म्हणाली की समोरच्या बाईचा चेहरा उतरायचा. "शिकली ना आता, आमच्या हातचं कशाला खाईल?" असं ऐकवलं जायचं. मला तेव्हा त्या बायकांचा राग यायचा. आज वाटतं, त्यांचं तरी काय चुकलं? ज्यांच्या हातचं पाणीसुद्धा गावानं पिढ्यान्पिढ्या घेतलं नाही, त्यांच्या लेकींना नकाराचा दुसरा अर्थ कुठून माहीत असणार?

आणि मग प्रभुभोजन. महिन्याच्या पहिल्या रविवारी देवळात येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून पावाच्या तुकड्यांचं तबक रांगेतून फिरे. आधी आक्का घ्यायची. "एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय?" म्हणायची. पण पुढचे चार दिवस ती अंथरुणाला खिळायची. शेवटी एका रविवारी तिनं तबक हातात घेतलं आणि तसंच पुढे दिलं. आमच्या मंडळीत तबक पुढे देण्याला एकच अर्थ होता. ज्याच्या वागण्याबद्दल काही निघालंय, त्यालाच प्रभुभोजन मना असे. लग्नाच्या वयाची पोर, पुण्याला राहून आलेली, आणि तबक पुढे सारते! कुजबुज सुरू झाली. दौंडच्या भास्कररावांचं स्थळ जवळजवळ ठरलं होतं. रेल्वेत कारकून, चांगला माणूस. तिकडून निरोप आला, "जरा थांबू या."

वडील आक्काला घेऊन पाळकसाहेबांकडे गेले. मीही मागोमाग गेले. पाळकसाहेब मनानं मऊ होते, पण घाबरट. "सगळ्यांना एक आणि हिला वेगळं, हे मंडळीला कसं सांगू मास्तर?" ते म्हणाले.  आक्का एकदम म्हणाली, "साहेब, प्रार्थनेत आपण देवाकडं भाकर मागतो. पाव कुठं मागतो? मला भाकरच द्या." पाळकसाहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले... मंडळीच्या पंचांना विचारतो म्हणाले. पंचांनी नाही म्हटलं. आज हिला ज्वारीची, उद्या आणखी कुणाला आणखी काही, असं कुणी बोललं म्हणे. आक्का घरी येऊन मोरीत भांडी घासत बसली, घासलेलीच पुन्हा घासत.

त्यानंतर एक दिवस भास्कररावांची आई एकटी दौंडहून आली. ठेंगणी, नऊवारी नेसलेली, अंगणात उभी राहून थेट म्हणाली, "पोरगी कुठं हाय?" तिला सगळे आत्याबाई म्हणत. ती सरळ चुलीपाशी जाऊन आक्काजवळ बसली. "मला खरं सांग बाई. तबक का पुढं दिलंस?"

"मला गहू चालत नाही. आजारी पडते."

"आन् दुसरं काय?"

"दुसरं काही नाही."

आत्याबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, मग तव्यावरच्या भाकरीकडे. "वाढ मग. सकाळधरनं उपाशी हाय मी." जेवून उठताना त्या आईला म्हणाल्या, "तारीख काढा." लग्नात पुऱ्यांची पंगत बसली तेव्हा त्या नव्या सुनेशेजारी बसल्या आणि वाढप्याला म्हणाल्या, "आम्हा दोघींना भाकरी."

दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये त्या घरी गहू येणंच थांबलं. दुष्काळाच्या वर्षांत रेशनवर परदेशी गहू मिळे, ज्वारी दिसेना. तेव्हा भास्करराव सुट्टीच्या दिवशी सायकलवर गव्हाची पिशवी बांधून घोडनदीकाठच्या खेड्यांतून हिंडत आणि बदल्यात मिळेल ती ज्वारी आणत. पण मला सांगायचंय ते वेगळंच. दौंडच्या देवळातल्या पहिल्याच प्रभुभोजनाला आक्कानं तबक पुढे दिलं, आणि तिच्या शेजारी बसलेल्या आत्याबाईंनीही दिलं. साऱ्या मंडळीत भाविक म्हणून नावाजलेली बाई!  बाहेर आल्यावर आक्का रडकुंडीला आली, "आत्याबाई, तुम्ही का नाही घेतलं?" त्या म्हणाल्या, "तुला मिळंल तवा मी घेईन." आक्कानं किती विनवलं, भास्कररावांनी समजावलं, पण वर्षांमागून वर्षं त्या तशाच बसल्या. आक्काबद्दल कुजबुजायची मग कुणाची छाती झाली नाही.

आत्याबाई शेवटच्या आजारात होत्या तेव्हा मी मदतीला दौंडला गेले होते. तिथले तरुण पाळक प्रभुभोजन द्यायला घरी आले. त्यांनी पावाची डबी उघडली, तशी आत्याबाईंनी मान हलवली.

"साहेब, ती डबी ऱ्हाऊ द्या. एस्तेर, एक भाकर टाक."

पाळक गोंधळले. "आत्याबाई, पंचांना विचारावं लागेल."

"इचारा की. तवर मी थांबतीय का तेवढं बघा."

 पाळकांनी डबी मिटली आणि ते खाटेशेजारी बसून राहिले. आक्का आत गेली. भाकरी थापल्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा येत होता... तिनं भाकरी आणली तेव्हा भाकरीतून वाफ निघत होती. पाळकांनी बोटं भाजत ती मोडली. पहिला तुकडा ते आत्याबाईंना देऊ लागले, तर त्यांनी आक्काकडे बोट केलं. आक्कानं घेतला. मग आत्याबाईंनी घेतला. दोन दिवसांनी आत्याबाई गेल्या. पुढल्या महिन्यात देवळात तबकाच्या कडेला एक तुकडा भाकरीचा होता. तो घेताना आक्काचा हात शेजारच्या मोकळ्या जागेवर टेकला होता.

एवढं सोसलेली माणसं कधी कधी हट्टी होतात. आक्का उलट झाली. तिच्या घरी कुणीही जेवायला बसलं की ती 'काय वाढू' म्हणायची नाही. पातेल्यावर झाकण तसंच ठेवून विचारायची, "तुला काय चालत नाही?" कुणाला वांगं, कुणाला तिखट, उतारवयात मला साखर. आणि ते एकदा ऐकलं की तिच्या लक्षात राहायचं, कारण तिला स्वतःला बाहेर असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

परवा दौंडला गेले होते. भाचेसुनेनं मायेनं पाट मांडला, ताट वाढलं, काही म्हणजे काही कमी केलं नाही. शेवटी वाटीत खीर घातली. मी नको म्हटलं नाही. वाटी हातात धरून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसले... कुणीतरी आतून विचारील म्हणून.