वाजेल तोच बाजा मोजायचा

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या बसस्टँडसमोर शिलाई मशीन दुरुस्तीचं एक दुकान आहे. ते वर्षाराणी चालवते. तिचे वडील बबनराव शिलाई मशीनसोबत चावीचे ग्रामोफोनही दुरुस्त करायचे. त्यांना मुलगा नव्हता, पण त्यांनी पोरीला काम शिकवलं ते त्यामुळे नाही. तिचा हात स्थिर होता म्हणून शिकवलं, आणि हे ते चारचौघांत सांगत. आज तिनं पन्नाशी ओलांडली आहे आणि हात अजून तसाच आहे.

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून एका निवृत्त प्राध्यापकांचा फोन आला. हातानं चावी भरायचे जुने ग्रामोफोन महाराष्ट्रात किती उरलेत, याची ते जिल्हावार यादी करत होते.

"वाशीमपुढे मी शून्य लिहिलंय. कुणी काही कळवलंच नाही," ते म्हणाले.

"कोणी पाह्यलंच नाई, तर कळवन कोण?" वर्षाराणी म्हणाली. "सर, थोडं थांबा. मी फिरून सांगते."

दर रविवारी ती स्कूटी काढायची. सोबत तेलाची कुपी, पेचकस आणि नव्या सुयांची डबी. मोजायचा नियम तिनं स्वतःच ठरवला. घरात नुसता ठेवलेला बाजा, म्हणजे ग्रामोफोन, मोजायचा नाही. चावी भरल्यावर तबकडीची एक बाजू मध्ये न थांबता, आवाज न ओढता पूर्ण वाजली, तरच तो जिवंत.

शिरपूरला चार निघाले, त्यातले दोन वाजले. तिसऱ्याचं ग्रीस दगडासारखं झालं होतं. ते तिनं रॉकेलनं धुऊन काढलं, तेव्हा तोही वाजला. धनजजवळच्या तांड्यावर भुरीबाई भेटली. भुरीबाई अर्धं वर्ष ऊसतोडीला जाते. जाताना तिच्या सासऱ्याचा, रूपलाचा, बाजा गोधडीत गुंडाळून शेजारणीकडे ठेवते आणि परत आली की आधी त्याला तेल देते. तबकडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत खणखणीत वाजली.

"बाई, तुमच्या बाज्याले मले हातच लावा लागला नाई," वर्षाराणी म्हणाली. "हा अकरावा."

"अख्ख्या जिल्ह्यात अकरा?" भुरीबाईनं विचारलं. मग तिनं बाज्याचं झाकण पदरानं पुसलं आणि सुनेला हाक मारून वर्षाराणीला तो आकडा पुन्हा सांगायला लावला.

तेरा झाले होते, तेव्हा भागवतरावांचा निरोप आला. मोठे बागायतदार. त्यांच्या दिवाणखान्यात पितळेच्या कर्ण्याचा बाजा होता, आरशासारखा चकचकीत.

"यादीत आपला पहिला पायजे," भागवतराव म्हणाले. "माह्या आजानं आणेल हाय."

वर्षाराणीनं चावी भरली. गाणं निम्म्यावर येईपर्यंत आवाज जड होत गेला आणि बाजा थांबला. तिनं तो उलटा करून पाहिला. लाकूड नवं प्लायवूड, स्प्रिंग दुसऱ्याच मशीनची, स्क्रू फुलीच्या खाचेचे.

"भाऊ, हा मी मोजत नाई."

"काहून?"

"जुने म्हणून इकतेत तसा हा नवा जोडेल हाय. तुमच्या आजाच्या काळातल्या बाज्याले असे स्क्रू राहत नवते."

भागवतरावांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "आमच्या घरात बसून आमालेच खोटं पाडून राह्यल्या तुमी?"

"तुमाले नाई. या बाज्याले," ती शांतपणे म्हणाली. "खोटा आकडा लिहला तर भुरीबाईचा खराही खोटा होईल."

एवढा वेळ दारात उभ्या असलेल्या विजयमालाताई, भागवतरावांच्या पत्नी, बोलल्या. "हा तर तुमच्या भाच्यानं मुंबईहून आणला. आजेसासऱ्यांचा बाजा पेटीवाला होता. तो माळ्यावर पडेल हाय."

काळी पेटी खाली उतरली. स्प्रिंग टोकाशी तुटलेली, आवाजाच्या डबीतला अभ्रकाचा पडदा तडकलेला. पण लाकूड खरं होतं आणि स्क्रू सरळ खाचेचे. वर्षाराणीनं पेटी दुरुस्तीला मागितली. भागवतरावांनी मान डोलावली.

आठ दिवस लागले. स्प्रिंग जाड कापडात धरून तिनं हळूहळू मोकळी केली, कारण ती सुटली तर बोटं कापते. तुटलेलं टोक तापवून मऊ केलं, नवं भोक पाडलं. अभ्रक बाजारात मिळेना, तेव्हा भंगारातल्या जुन्या इस्त्रीतून काढलं आणि ब्लेडनं पदर सोडवत कागदाहून पातळ केलं.

नवव्या दिवशी भागवतराव स्वतः दुकानात आले. तिनं चावी त्यांच्याच हाती दिली. तबकडीतून एका बाईचा आवाज निघाला, बारीक पण स्वच्छ, आणि बसची वाट पाहणारे लोक दुकानाच्या पायरीपर्यंत आले. बाजू पूर्ण वाजली.

"ताई, मी त्या दिवशी वाईट बोललो," भागवतराव म्हणाले.

"लिहू मंग चौदावा?"

"लिहा. अन् दुरुस्ती कोणी केली तेही लिहा."

पुण्याच्या सरांना तिनं चौदा आकडा कळवला आणि मोजायची रीतही सांगितली. त्यांनी आपली यादी पुन्हा चाळली. मग म्हणाले, "माझ्याकडे बाकीचे सगळे आकडे मालकांच्या सांगण्यावर आहेत. प्रत्यक्ष वाजवून मोजलेला तुमचा एकच जिल्हा आहे."

त्यांनी बाकीची यादी बाजूला ठेवली आणि वाशीमच्या रीतीनं नवी मोजणी सुरू केली. त्यासाठी गेल्या जूनमध्ये अमरावती, यवतमाळ आणि बुलढाण्याहून पाच जण शिकायला मालेगावला आले. त्यातले दोघं इंजिनियर होते. वर्षाराणीनं सगळ्यांना जमिनीवर सतरंजीवर बसवलं, प्रत्येकाच्या हाती जाड कापडाचा तुकडा दिला आणि आधी स्प्रिंग धरायला शिकवली.